चिनी नागरिक आणि समाजमाध्यमे : काही रूढ समजुती

चीनमधील समाजमाध्यमांविषयी सर्वाधिक रूढ असलेली समजूत अशी की, शासनावर टीका करणारा प्रत्येक मजकूर तेथे तत्काळ पुसला जातो आणि परिणामी नागरिक सार्वजनिक प्रश्नांवर तोंड उघडत नाहीत. फेसबुक आणि ट्विटर चीनमध्ये २००९पासून बंद आहेत हे खरे असले, तरी त्याच वर्षी सुरू झालेल्या वेइबो या खुल्या माध्यमावर आणि खासगी संवादापासून पैशांच्या देवघेवीपर्यंत सारे काही सामावून घेणाऱ्या वीचॅट या अ‍ॅपवर स्थानिक अधिकारी, प्रदूषण, शाळा, रुग्णालये यांविषयीच्या तक्रारी सतत मांडल्या जातात. गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स या संशोधकांनी पुसल्या गेलेल्या पोस्टचा मोठा संग्रह तपासून २०१३मध्ये असे दाखवले की, मजकुरात शासनाची निंदा आहे की स्तुती यावर त्याचे भवितव्य फारसे अवलंबून नव्हते. ज्या विषयातून लोक रस्त्यावर एकत्र येण्याची शक्यता निर्माण होई, त्यावरील पोस्ट शासनाच्या बाजूच्या असल्या तरी काढल्या जात. त्यानंतरच्या काळात सर्वोच्च नेतृत्वाविषयीच्या लेखनावरील बंधने बरीच आवळली गेल्याने हा निष्कर्ष आज जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. तथापि तक्रार सहन करायची आणि संघटन रोखायचे, हा त्यातील भेद अजूनही बरेच काही उलगडतो.

पोस्टमागे अर्धा युआन घेऊन शासनाची बाजू लढवणाऱ्या भाडोत्री लेखकांची, म्हणजे ‘वूमाओं’ची, कल्पना खुद्द चिनी वापरकर्त्यांतही दृढ आहे. याच संशोधकांनी जियांगशी प्रांतातील एका जिल्हा प्रचार कार्यालयातून फुटलेल्या ईमेलच्या आधारे २०१७मध्ये मांडले की, असे लेखन बहुतांशी सरकारी कर्मचारीच कामाचा भाग म्हणून करतात, त्याचे प्रमाण वर्षाला सुमारे ४४.८ कोटी पोस्ट इतके असावे आणि हे लेखक सहसा वाद घालतच नाहीत, तर विषय बदलतात. प्रचारतंत्र म्हणून हे अधिक चतुरपणाचेच म्हणावे लागेल.

नागरी सहभाग म्हणजे निषेध, असे गृहीत धरल्यास चिनी समाजमाध्यमांवरील बरेचसे कार्य दृष्टीआड होते. पत्रकार डेंग फेई यांनी २०११मध्ये वेइबोच्या साहाय्याने ग्रामीण शाळांतील मुलांसाठी मोफत दुपारच्या जेवणाची मोहीम सुरू केली. एका जेवणाचा खर्च तीन युआन धरून सामान्य लोकांकडून देणग्या घेतल्या गेल्या आणि शाळांनी आपला खर्च त्याच माध्यमावर जाहीर करण्याची प्रथा पाडली गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये केंद्र शासनाने सुमारे २.६ कोटी ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकी दिवसाला तीन युआन अनुदानाची योजना घोषित केली.

पर्यावरणाच्या क्षेत्रात तर समाजमाध्यमांवरील तक्रारींचा परिणाम मोजलाही गेला आहे. मा जुन यांनी २००६मध्ये स्थापन केलेल्या पर्यावरण संस्थेने कारखान्यांच्या उत्सर्जनाची सरकारी आकडेवारी नकाशावर उपलब्ध करून दिल्यानंतर, मर्यादा ओलांडणाऱ्या कारखान्याचे नाव घेऊन वेइबोवर स्थानिक पर्यावरण विभागाला जाब विचारण्याची पद्धत रुळली. पुढे देशव्यापी क्षेत्रीय प्रयोगात, म्हणजे काही कारखान्यांविरुद्ध जाहीर तर काहींविरुद्ध खासगी तक्रार करून दोहोंची तुलना करणाऱ्या अभ्यासात, वेइबोवरील जाहीर तक्रारींनी नियमभंग सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. खासगी तक्रारींचा परिणाम बराच कमी होता. तक्रारीला ‘लाइक’ आणि ‘शेअर’ वाढवून दिले असता नियामकांची तत्परताही वाढली, यावरून स्थानिक यंत्रणेला तक्रारीपेक्षा तिच्या गाजावाजाचा, आणि बहुधा तो वरिष्ठांच्या कानी जाण्याचा, धाक अधिक असतो असे दिसते.

अशा यशांवरून समाजमाध्यमे चीनमध्ये आपोआप लोकशाही आणत आहेत असे मानणे, ही २०१० नंतरच्या काही वर्षांत बाहेरच्या जगात बळावलेली उलट बाजूची चूक होय. शान्शी प्रांतात ऑगस्ट २०१२मध्ये ३६ प्रवाशांचा बळी घेणाऱ्या बस अपघाताच्या ठिकाणी हसताना दिसलेले सुरक्षा अधिकारी यांग दाचाई यांच्या जुन्या छायाचित्रांतील महागडी घड्याळे वापरकर्त्यांनी शोधून काढली, चौकशी झाली आणि ५ सप्टेंबर २०१३ रोजी त्यांना भ्रष्टाचाराबद्दल १४ वर्षांची शिक्षा झाली. मात्र चारच दिवसांनी सर्वोच्च न्यायालय आणि सर्वोच्च अभियोक्ता कार्यालय यांनी बदनामीकारक खोटा मजकूर ५०० वेळा पुढे पाठवला गेला किंवा ५,००० वेळा पाहिला गेला तर तो फौजदारी गुन्हा ठरू शकेल, असा कायद्याचा अर्थ जाहीर केला. भ्रष्ट अधिकाऱ्याला शिक्षा करणारी आणि त्याला उघडे पाडणाऱ्यांना मर्यादा घालणारी व्यवस्था एकच होती.

राहिला प्रश्न पुसण्याच्या कामाचा. ते एखाद्या मध्यवर्ती कार्यालयातून कळ दाबून होत नाही. मजकुराची कायदेशीर जबाबदारी माध्यम चालवणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली असल्याने प्रत्येक कंपनी आपले कर्मचारी आणि वर्ज्य शब्दांच्या आपापल्या याद्या बाळगते, आणि म्हणूनच एका अ‍ॅपवर नाहीसा झालेला लेख दुसऱ्यावर टिकू शकतो. वुहानमधील डॉक्टर आय फेन यांची करोना साथीविषयीची मुलाखत मार्च २०२०मध्ये काढून टाकली गेली, तेव्हा वापरकर्त्यांनी याच यांत्रिक छाननीतील फटी शोधल्या आणि तो मजकूर उलट्या क्रमाने, इमोजींत, मोर्स संकेतांत आणि प्राचीन अस्थिलेखांच्या लिपीतही पुन्हा पुन्हा प्रसिद्ध केला.