आवाज बसलाय, दमही लागतोय? दमाच असेल असं नाही

कोल्हापूर : आवाज बसला की आपल्याकडं हळद-दूध, गुळण्या सुरू होतात. आठ-दहा दिवस ठीक आहे. पण तीन आठवडे झाले तरी आवाज घोगराच असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. सीपीआरमध्ये हा विभाग आहे.

स्वरयंत्राचा कॅन्सर बहुतेकदा तंबाखू-विडीमुळं आतल्या अस्तराला होतो. पण शंभरात एखाद्याची गाठ कूर्चेत, म्हणजे नाकाच्या शेंड्याला लागतं तसल्या मऊ हाडात निघते. याला कोंड्रोसार्कोमा म्हणतात. विडी न ओढणाऱ्यालाही तो होतो. पन्नाशीपुढच्या पुरुषांत जास्त दिसतो. गाठ इतकी सावकाश वाढते, की माणूस दम्याचा पंप ओढत वर्ष काढतो.

कॅन्सर म्हटलं की घरदार हादरतं. हा मात्र सहसा शरीरात पसरत नाही. ऑपरेशननंतर पाच वर्षांनीही दहातले साधारण नऊ रुग्ण हयात असतात. केमोचा यात फारसा उपयोग नाही, गाठ काढणं हाच मुख्य इलाज. लहान असतानाच सापडली तर बऱ्याचदा आवाज वाचतो. फार वाढली तर अख्खं स्वरयंत्र काढून गळ्याला छिद्र ठेवावं लागतं. काहींना गाठ बऱ्याच वर्षांनी परत येते, म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टर तपासणीला बोलावत राहतात.