ऊन वाढलं, की घाबरणं?

परवा संध्याकाळी आमच्या कर्वेनगरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळवणं गोळा करत होते. शेजारच्या आजींची आणि त्यांच्या सहावीतल्या नातीची चांगलीच जुंपली होती. जग तापतंय, बर्फ वितळतंय, समुद्र चढतोय, असं नात शाळेत ऐकून आली होती. "आजी, पुणं बुडणार का गं?" तिने विचारलं.

"काही बुडत नाही!" आजी कडाडल्या. "आमच्या वेळी काय उन्हाळे नव्हते? बहात्तरचा दुष्काळ काढलाय आम्ही. हल्ली माणसांना घाबरवायची फॅशनच निघालीये!"

पोर गप्प बसली. पण रात्री पावसाचा जोर वाढला, की तिला झोप लागत नाही, हे तिच्या आईने मला मागेच जिन्यात सांगितलं होतं.

मैत्रिणींनो, हा वाद तुमच्याही घरी झाला असेल. मग खरं कुणाचं? आजींचं की नातीचं?

आधी आजींची बाजू घेऊ. ३० एप्रिल १८९७ रोजी पुण्यात ४३.३ अंश तापमानाची नोंद आहे. तेव्हा इथे ना सिमेंटचे रस्ते होते, ना मोटारींची गर्दी. म्हणजे कडक ऊन काही आजचं नाही. शिवाय शास्त्रज्ञांचंही कधी कधी चुकतं. २००७ सालच्या एका आंतरराष्ट्रीय अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होण्याची भीती घातली होती. ते विधान चुकीचं निघालं आणि २०१० साली तशी कबुलीही देण्यात आली. राहता राहिला समुद्र. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. तेव्हा लेकरांनो, समुद्र काही कर्वेनगरात यायचा नाही!

पण म्हणून सगळंच थोतांड म्हणावं का? तसं नाही हो. एक दिवस भाजी करपली, तर आपण स्वयंपाकीणबाईंना बोल लावत नाही. रोजच करपायला लागली, तर मात्र शेगडीकडे बघतो. हवेचंही तसंच. एका दिवसाचं ऊन बघायचं नसतं, वर्षानुवर्षांचा हिशेब बघायचा असतो. हा हिशेब आपल्याच पुण्यात, पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मांडला गेला. त्यांच्या २०२०च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं.

"एवढंच?" असं तुम्ही म्हणाल. पण पाक करताना आपण बघतोच, पाणी गरम असलं की साखर जास्त विरघळते. तशी गरम हवेत वाफ जास्त मावते. एका अंशाला साधारण ७ टक्के जास्त. ती कोसळते, तेव्हा धो धो कोसळते. त्याच अहवालात म्हटलंय, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याचे प्रसंग सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले.

आणि ही फॅशन म्हणावी, तर बरीच जुनी हो! १८९६ साली अण्णा कर्व्यांनी विधवांसाठी आश्रमाची संस्था काढली. चार वर्षांनी तो आश्रम इथे, तेव्हाच्या हिंगण्याच्या माळावर आला. त्याच १८९६ साली स्वीडनमध्ये अऱ्हेनियस नावाच्या शास्त्रज्ञाने हिशेब मांडला होता, की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी तापेल. पूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे साधारण २८० भाग असत, आज ते ४२०च्या वर गेले आहेत.

मग नातीचं खरं? तिचंही अर्धंच. पुण्याला भय आहे ते समुद्राचं नाही, मुठेचं आणि ओढ्यांचं. १२ जुलै १९६१चा पूर आला तो पानशेतचं धरण फुटल्याने. तो दोष माणसाचा. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, वीसहून जास्त जीव गेले. तिथे पाऊस प्रचंड होता, पण ओढ्याची वाटही आपणच अडवली होती. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या पुढे पाणी सोडावं लागलं आणि नदीपलीकडे एकतानगरीतून माणसं होड्यांनी बाहेर काढली. दर वेळी "हवामान बदललं हो!" म्हणून हात झटकले, की ओढे बुजवणाऱ्यांचं आणि नदीत भराव टाकणाऱ्यांचं आयतंच फावतं. "जग बुडणार" ही हाकाटी मला त्यासाठीच नको वाटते. आभाळाकडे बघून घाबरताना दारातल्या नाल्याकडे बघायचं राहून जातं.

तेव्हा घरातल्या घरात एवढं करा. रेशनकार्ड, बँकेची पुस्तकं, औषधांच्या चिठ्ठ्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, उंच फळीवर ठेवा. विजेचा मेन स्विच कुठे आहे, ते मुलांनासुद्धा दाखवून ठेवा. पाणी घरात शिरण्याआधी तो बंद करायचा, आणि पाण्यात उभं राहून त्याला हात लावायचा नाही. गच्चीला पांढरा रंग दिला, तर वरच्या मजल्याचा उकाडा कमी होतो. उन्हाळ्यात बारा ते तीन म्हाताऱ्या माणसांना बाहेर पाठवू नका. पन्हं, ताक हाताशी ठेवा. आणि सोसायटीच्या सभेत मागच्या नाल्याची चौकशी कराच.

हे सगळं मी गच्चीवरच त्या दोघींना सांगितलं. आजी जरा वेळ गप्प राहिल्या. मग नातीला म्हणाल्या, "पानशेतच्या वेळी मी तुझ्यापेक्षा लहान होते. शनिवारातल्या घरातून अंगावरच्या कपड्यांनिशी पळालो होतो. चल, ती पिशवी आजच भरू."

पोर उठली आणि खाली जाताजाता विचारती झाली, "आजी, आपला मेन स्विच कुठंय गं?"