पोराच्या हवाली एक एकर



पोळा जवळ आला की सिरसाळ्याच्या पारावर एकच बोलणं सुरू होतं, मुकादम यंदा उचल किती देतो. शिकलेलं पण नोकरी न लागलेलं पोरगं उचल घेतं, अन् दिवाळीच्या आगेमागे बायकोसह कोयत्यावर जातं. लेकरांची शाळा बुडते. १९७२ च्या दुष्काळानंतर १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, हाताला काम मिळालं. पण घरच्या कणगीत ज्वारी पडायची तर ती रानातूनच यायला हवी.

बाप म्हणतो, पोराला शेतीची गोडी नाही. अहो, गोडी लागेल कशी? बियाणं तुम्ही ठरवता, माल तुम्ही विकता, त्यानं नुसतं औत हाकायचं!

येत्या मृगाआधी एक एकर त्याच्या हवाली करा. जमाखर्चाची वही अन् आलेला पैसा त्याचाच. अट एवढीच की आधी घरचं धान्य, मग बाजार.

वीस गुंठ्यांत दोन ओळी मूग, एक ओळ तूर घ्यावी. बदनापूरची बीडीएन-७११ तूर १५० ते १६० दिवसांत येते. परतीचा पाऊस लवकर गेला तरी तिला फारसा फटका बसत नाही. दुसऱ्या पंधरा गुंठ्यांत नुसता मूग, बी दोन किलो. तो साठ-पासष्ट दिवसांत निघाला की लगेच वखरपाळी देऊन ओल धरावी. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात तिथंच मालदांडी किंवा परभणी मोती ज्वारी पेरावी, दीड किलो बी पुरतं. माणसांना भाकर, जनावरांना कडबा. उरलेल्या पाच गुंठ्यांत विहिरीजवळ भेंडी, गवार, मेथी, बांधावर शेवगा. भाजीचा पैसा दर बाजाराला हाती येतो. तूर डिसेंबरपर्यंत थांबायला लावते, तोवर पोराचा जीव भाजीवर टिकतो.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये. दुबार पेरणी म्हणजे पहिल्याच वर्षी कर्ज. घरचं बी असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा. सत्तरच्या वर उगवले तर पेरा. तूर-मुगाच्या दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम चोळून सावलीत वाळवा.

एका एकरात उचलीएवढी रक्कम निघत नाही, हे पोराला आधीच सांगावं. दोन शेळ्या जोडीला असाव्यात. पण वर्षाची डाळ अन् बरीचशी ज्वारी विकत घ्यावी लागत नाही, हा हिशेब वहीत मांडायला लावा.

सातबारा बापाच्या नावावर असला की पोराला कर्ज, अनुदान मिळताना अडचण येते. सगळ्या हिस्सेदारांची संमती असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो. बहिणींनाही विचारा, त्यांचाही हक्क आहे.

माती तपासायची असेल तर उन्हाळ्यातच, शेत मोकळं असताना नमुना घ्यावा अन् अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावं. पोरालाच पाठवा, तुम्ही जाऊ नका.