गोड परफ्यूम घेताय? आधी चार तास थांबा

आज गोरमाँड परफ्यूम, म्हणजे मिठाईच्या दुकानात शिरल्यासारखे गोड वास. या प्रकाराला खरी ओळख दिली ती १९९२ साली आलेल्या थिएरी म्युग्लरच्या 'एंजल'ने. ऑलिव्हिए क्रेस्प या परफ्यूमरने त्यात एथिल माल्टॉल भरपूर वापरलं. वास कसा? जत्रेतले म्हातारीचे केस, करपत आलेली साखर. नुसती साखर असती तर दहा मिनिटांत कंटाळा आला असता. म्हणून खाली पॅचुली आहे, ओल्या मातीसारखी, जराशी कडवट. माझ्या मते खरी मजा तिचीच.

अंगावर सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं बर्गमॉटचा लिंबासारखा वास पुढे असतो. मग तो उडून जातो. का? 'हलके रेणू आधी उडतात' असं सगळे सांगतात, पण ते अर्धंच खरं. लिंबूवर्गीय सालीतल्या लिमोनीनचं रेणूवजन १३६, व्हॅनिलातल्या व्हॅनिलिनचं १५२. फरक फार नाही ना? पण व्हॅनिलिनचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून बसतात, म्हणून ते तासन्‌तास टिकतं.

त्यात त्वचा गरम, साधारण ३२-३३ अंश. एसी दुकानातली कागदी पट्टी थंड. त्यामुळे पट्टीवर वास हळू उलगडतो आणि आपण लिंबावर भाळून काही हजार मोजतो. त्यापेक्षा मनगटावर एक फवारा मारा, बिल न करता बाहेर पडा, चार तासांनी हुंगा. साखर-मातीचा तो वास आवडला तरच परत जा. आणि मेच्या उकाड्यात एकच फवारा हं, लोकलमधल्या शेजाऱ्याने काय पाप केलंय!