व्ह्यूजचा भाव आणि थकवा

रावेर-यावलकडचा केळीवाला सकाळी आधी बाजारभाव विचारतो. त्याचा मुलगा उठल्या उठल्या व्ह्यूज बघतो. ‘झुमका वाली पोर’सारखी अहिराणी गाणी लग्नाच्या डीजेपर्यंत पोचल्यावर जळगाव-धुळ्यातल्या पोरांना यूट्यूब हा धंदा वाटू लागला, आणि तो आहेही.

पण कॅमेरा धरता येणं हे त्यातलं सोपं काम. एडिटिंग, थंबनेल, जाहिरातदाराशी घासाघीस, जीएसटी, कमेंटमधल्या शिव्या, सगळं एकट्यावर. जाहिरातींच्या कमाईत वाटा हवा तर एक हजार सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं, हा नियम २०१८पासूनचा. (शॉर्ट्ससाठी वेगळी अट आहे.) तिथवर खिशातलेच पैसे जातात. ‘काय करस रे भो?’ या प्रश्नाला तोवर उत्तर नसतं, हा ताण वेगळाच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या नेमकी केली: न हाताळलेल्या कामाच्या ताणातून येणारी अवस्था, आजार नव्हे. खुणा तीन: पार गळून जाणं, कामाचाच वीट येणं, आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं. दुसरी खूण लोक आळस समजतात, तिथेच फसगत होते.

केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात. शेतकरी ती कापत राहतो, पिलबागेसाठी एखादंच राखतो. नाहीतर घड बारीक येतो. चार चॅनेल एकदम चालवणाऱ्याच्या घरी हे कोणाला सांगावं लागू नये. झोपच उडाली असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो.