रात्रीच्या पाण्याचं भांडण सोडवतो शाळेतला 'लसावि'

सामाईक विहिरीवर एक भांडण ठरलेलंच असतं. "रात्रीचं पाणी माझ्याच वाट्याला जास्त का?" आमच्या विहिरीवर सहा हिस्सेदार आहेत. म्हणजे प्रत्येकाची बारी ६ दिवसांनी येते. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. म्हणजे लाईटचा फेरा १४ दिवसांचा. रात्री दारं धरायची म्हणजे थंडी, साप-विंचू आणि वर बिबट्याची धास्ती. म्हणून यंदा हा हिशोब कागदावर मांडला.

बारी आणि लाईट दोन्ही पुन्हा पहिल्यासारखी कधी जुळतात? जो आकडा ६ च्या आणि १४ च्या, दोन्ही पाढ्यांत येतो त्यातला सगळ्यात लहान शोधायचा. हाच लसावि, म्हणजे लघुतम सामाईक विभाज्य.

काढायला सोपा आहे. मोठ्या आकड्याचा पाढा म्हणा. १४ ला ६ ने भाग जात नाही, २८ ला जात नाही, ४२ ला जातो. लसावि ४२. बरेच जण ६ गुणिले १४ करून ८४ सांगतात. तो दोन्ही पाढ्यांत येतो, पण सगळ्यात लहान नाही. ६ म्हणजे २×३ आणि १४ म्हणजे २×७. दोन्हीकडचा २ एकदाच घ्यायचा: २×३×७ = ४२.

आता खरी गंमत बघा. ४२ दिवसांत प्रत्येकाच्या ७ बाऱ्या होतात. दिवसाच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहिल्या हिस्सेदाराने सुरुवात केली, तर पहिला, तिसरा, पाचवा यांना ४ दिवसाच्या, ३ रात्रीच्या बाऱ्या मिळतात. दुसरा, चौथा, सहावा यांना ३ दिवसाच्या, ४ रात्रीच्या. ४२ दिवसांनी पुन्हा तेच, म्हणजे वर्षभर त्याच तिघांवर जास्त रात्री. ओरड खोटी नव्हती!

उपाय असा: दर ४२ दिवसांनी पहिल्या-दुसऱ्याने, तिसऱ्या-चौथ्याने, पाचव्या-सहाव्याने बारी अदलाबदल करायची. बदलताना पाणी फार तर एक दिवस मागे-पुढे होतं. ८४ दिवसांत सगळ्यांना ७ दिवसाच्या, ७ रात्रीच्या.

हिस्सेदार पाच असतील तर लसावि ७०. बाऱ्या १४ येतात, त्या आपोआप ७-७ होतात. तुमच्या विहिरीवर किती जण आहेत? भांडायच्या आधी एकदा लसावि काढून बघा.