तात्पुरत्या पदपथाचा प्रश्न : बांधकामाच्या जागी पादचाऱ्यांची सुरक्षितता व सुगम्यता

प्रास्ताविक

रस्त्याचे काम सुरू झाले की आमच्या बालाघाटमध्ये दोन प्रकारचे फलक लागतात. एकावर 'कार्य प्रगति पर है' असे लिहिलेले असते आणि दुसऱ्यावर वाहनांनी कोणत्या बाजूने वळावे याचा बाण असतो. पायी चालणाऱ्याने कोठून जावे हे सांगणारा तिसरा फलक बहुधा नसतो. पादचारी आपली वाट आपणच शोधून काढील असे गृहीत धरलेले असते आणि तो ती शोधतोही. गिट्टीच्या ढिगावरून, सळ्यांच्या बाजूने किंवा सरळ ट्रकच्या पुढून तो जातो.

नेहमीचा पदपथ अथवा रस्त्याची कड कामासाठी बंद करावी लागते, तेव्हा तेवढ्या काळापुरती जी चालण्याची वाट करून द्यावयाची असते, तिला येथे 'तात्पुरता पदपथ' म्हटले आहे. ही वाट कशी असावी, तिच्याविषयी कायदा काय सांगतो आणि नियम असूनही ती प्रत्यक्षात का दिसत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

वैनगंगेच्या काठचे हे जिल्ह्याचे गाव रेल्वेच्या रुळांनी विभागलेले आहे. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारा सातपुड्यातील अरुंद रुळांचा जुना मार्ग रुंद झाला, मालगाड्या वाढल्या आणि फाटके अधिक वेळ बंद राहू लागली. त्यातून सरेखा फाटकासारख्या ठिकाणी उड्डाणपुलाची गरज निर्माण झाली. पुलाशिवाय नळयोजना, गटारे, केबल अशी कामेही असतातच. यातील कोणतेही काम अनावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र अशा कामांच्या काळात शाळेला जाणारी मुले, दवाखान्यात जाणारे वृद्ध आणि बाजारहाट करणाऱ्या स्त्रिया कोठून चालतात, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

एक अनुभव सांगणे येथे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक अंध विद्यार्थिनी होती. घरापासून महाविद्यालयापर्यंतची वाट तिला पावलांनी पाठ होती. पानठेल्यापासून वळणापर्यंत किती पावले, पुढे गटारावरची फरशी कोठे येते, हे ती अचूक सांगत असे. एके दिवशी त्या वाटेवर खंदक खोदला गेला. संरक्षण म्हणून दोन सळ्या रोवून त्यांना प्लास्टिकची लाल-पांढरी फीत बांधली होती. डोळस माणसाला ती फीत दिसते. अंधाची पांढरी काठी जमिनीलगत फिरते, त्यामुळे ती फितीच्या खालून निघून गेली. शेजारच्या भाजीवालीने हात धरला म्हणून ती मुलगी वाचली. त्यानंतर भावाला सवड असेल त्याच दिवशी ती येऊ लागली. हजेरीपटात तिच्या नावापुढे 'अनुपस्थित' एवढेच लिहिले गेले, आणि ते मीच लिहिले.

वाट कशी असावी

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या 'आयआरसी १०३' या मार्गदर्शिकेत पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. समोरासमोरून येणाऱ्या दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकाव्यात, हा त्यामागील हिशेब आहे. बांधकाम क्षेत्रातील वाहतुकीसाठी 'एसपी ५५' ही स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. ती प्रथम २००१ मध्ये निघाली व २०१४ मध्ये सुधारण्यात आली. काम चालू असताना पादचाऱ्यांसाठी सुरक्षित वाट ठेवावी असे तीही सांगते. उतार करावयाचा झाल्यास तो १ : १२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी हवी. आपल्याकडे खड्ड्यावर जी फळी टाकली जाते तिचा उतार पाहिला की हा आकडा किती दूरचा आहे ते कळते.

वर सांगितलेल्या फितीच्या प्रश्नाला ब्रिटनमध्ये साधे उत्तर शोधण्यात आले आहे. तेथील रस्तेकामांच्या आचारसंहितेनुसार पादचाऱ्यांच्या बाजूच्या अडथळ्याला खालच्या अंगास एक आडवी पट्टी असते. ती किमान १५० मिलिमीटर रुंद असावी व तिची खालची कड जमिनीपासून २०० मिलिमीटरपेक्षा वर नसावी. काठी त्या पट्टीवर आपटते आणि अंध व्यक्तीला कड समजते. वर साधारण एक मीटर उंचीवर धरण्याजोगा कठडा असतो. यात महाग असे काहीच नाही. लाकडाची फळी आणि चार खिळे बालाघाटसारख्या जंगलाच्या जिल्ह्यात न मिळण्याचे कारण नाही.

उलट आपल्याकडील उंच पत्र्यांचा अडथळा दिसायला भक्कम असला तरी त्याचा एक दोष फारसा लक्षात घेतला जात नाही. कोपऱ्यावर पत्रे उभे केले की त्यांच्या आडून बाहेर पडणारे मूल वाहनचालकाला दिसत नाही आणि मुलाला वाहन दिसत नाही. तेथे पत्र्याऐवजी जाळी हवी. कर्णबधिर व्यक्तीला मागे येणाऱ्या जेसीबीचा भोंगा ऐकू येत नाही, म्हणून यंत्राची व माणसांची वाट वेगळीच असली पाहिजे. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खंदक आणि साधे डबके यांत डोळसालाही फरक करता येत नाही.

कायद्याची स्थिती

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४५ मध्ये पदपथांना उतार, सिग्नलला ध्वनी इत्यादी तरतुदी होत्या, परंतु त्या सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत होत्या. त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने घेतली. राजीव रतुरी या दृष्टिबाधित नागरिकाने दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१७ रोजी सुगम्यतेविषयी निर्देश दिले. त्याच प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात, केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे निकष पुरेसे नाहीत, किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत, असे स्पष्ट केले. पुढे १४ मे २०२५ रोजी एस. राजसीकरन प्रकरणात अडथळामुक्त व दिव्यांगांना वापरता येईल असा पदपथ हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. न्यायालयाची ही भाषा या आकड्यांच्या पार्श्वभूमीवर वाचावी लागते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. विहित मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण वा कंत्राटदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे हे कलम माणूस पडल्यानंतरच जागे होते. भाजीवालीने हात धरला असेल तर ते झोपलेलेच राहते.

पैसा कोठे जातो

नियम आहेत, न्यायालयाचे निर्णय आहेत, तरी वाट का होत नाही? माझ्या मते याचे उत्तर देयकाच्या कागदात आहे. रस्ते मंत्रालयाच्या मानक विनिर्देशांत (पाचवी आवृत्ती, २०१३) बांधकामकाळातील वाहतूक व्यवस्थेसाठी कलम ११२ आहे. त्यात वाहनांसाठी बांधावयाचा तात्पुरता वळणरस्ता मीटरने मोजला जातो व त्याचे पैसे स्वतंत्र दराने मिळतात. वाहतुकीची बाकी व्यवस्था मात्र कामाला आनुषंगिक, म्हणजे कंत्राटदाराने आपल्या दरातूनच करावयाची मानली आहे. ज्याचे मोजमाप होते ते काम होते, कारण त्याची नोंद मोजमाप पुस्तिकेत घ्यावी लागते. जे 'आनुषंगिक' ते केले काय आणि न केले काय, देयक तेवढेच. यात कंत्राटदाराला एकट्याला दोष देणे मला योग्य वाटत नाही. कमी दराच्या निविदेत काम घेतलेला माणूस ज्याचा मोबदला नाही ते वगळणारच.

यासाठी पादचाऱ्यांच्या तात्पुरत्या वाटेची स्वतंत्र बाब निविदेत हवी. तिची लांबी मीटरमध्ये, रुंदी व कठड्याचे वर्णन स्पष्ट, आणि ती चालू ठेवल्याच्या प्रत्येक आठवड्याचे मोजमाप हवे. नगरपालिका किंवा लोकनिर्माण विभाग यांना हे करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

'तात्पुरते' म्हणजे किती दिवस

थोडे दिवस सोसा, असे नेहमी सांगितले जाते. मुंबईचे उदाहरण घेऊ. अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पूल पूर्ण बंद झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये अंशतः खुला झाला आणि पूर्ण खुला होण्यास मे २०२५ उजाडला. या काळात पहिलीत गेलेले मूल चौथीच्या उंबरठ्यावर पोहोचले. याच मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जण मरण पावले, तेव्हा लष्कराने बांधलेला पादचारी पूल २७ फेब्रुवारी २०१८ रोजी, पाच महिन्यांच्या आत, लोकांसाठी खुला झाला. तंत्र आणि साहित्य आपल्याजवळ होते. फक्त ते बाहेर येण्यास २३ प्रेते लागली.

जुन्या ग्रंथातील एक नियम

या पत्रिकेच्या वाचकांना वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करण्याला ईमानची एक शाखा मानणारी हदीस परिचित आहे. तिचा उल्लेख आपल्या सभांतून होतो, परंतु तो काटा किंवा दगड उचलण्यापुरता राहतो. अल-मावर्दी (मृत्यू १०५८) या बगदादच्या फकीहाने 'अल-अहकाम अस-सुल्तानिया' मध्ये मुहतसिबाची, म्हणजे बाजार व रस्ते यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची, कर्तव्ये सांगताना नेमका आपला विषय घेतला आहे. लोकांनी रस्त्यावर बांधकामाचे साहित्य टप्प्याटप्प्याने हलविण्यासाठी ठेवले, तर जाणाऱ्या-येणाऱ्यांना त्रास नसेल तोवर मुभा द्यावी आणि त्रास होत असेल तर मनाई करावी, असा त्याचा आशय आहे. कामाची निकड किती मोठी, हा निकष तेथे नाही. निकष चालणाऱ्याचा आहे, आणि तो ठरविण्यासाठी अधिकाऱ्याने स्वतः त्या वाटेने चालत जावे लागते. आपल्या मस्जिदी व मदरशांची बांधकामेही याच कसोटीवर पाहिली पाहिजेत. रेती दारासमोरच्या गल्लीत टाकताना आपण शेजाऱ्याची परवानगी घेतो, वाटसरूची घेत नाही.

वर उल्लेखिलेल्या खंदकाचे काम यथावकाश संपले आणि वर डांबर पडले. रस्ता पूर्वीपेक्षा चार बोटे उंच झाला, गटारावरची फरशी परत बसविली गेली नाही, आणि पानठेला समोरच्या बाजूला गेला. त्या विद्यार्थिनीने पुढचा एक आठवडा भावाबरोबर नव्याने पावले मोजण्यात घालविला.